बिल्ला खुंटीला

ॲल्डर बेच्या लोकांना इल्मा राउटिओचा आवाज आधी माहीत झाला, चेहरा मागाहून. शाळा संपल्यावर काही वर्षं तिने मासे खारवण्याच्या शेडमध्ये काढली, आणि मग ती गावच्या पोलीस ठाण्यात वायरलेसवर बसायला लागली. खोली एवढीशी. एक टेबल, एक माइक, कॉफीची किटली आणि सरोवराकडे उघडणारी खिडकी. सुपीरियर सरोवराचं असं आहे, की वर्षातले कितीतरी दिवस ते जागेवर आहे की उठून कुठे गेलंय तेच कळत नाही. धुकं यायचं. आधी धक्क्यावरच्या बोटी पुसल्या जायच्या, मग रस्ता, मग समोरच्या चर्चचा मनोरा. शेवटी नुसता आवाज उरायचा, आणि गस्तीच्या गाड्या त्या आवाजाचं बोट धरून धुक्यातून हळूहळू चालायच्या.

लायल गेरो हा त्या गाड्यांपैकी एकीत असायचा. तिशीचा, गोड स्वभावाचा, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस. त्या नोव्हेंबरात ठाण्यातली निम्मी माणसं तापाने पडली होती आणि लायल पाळीला पाळी जोडून काम ओढत होता. एका पहाटे, उजाडायला आलं असताना, इल्माने त्याला वायरलेसवर हाक मारली.

"लायल, कुठे आहेस?"

"किनाऱ्याच्या रस्त्यावर." मग थोडं थांबून तो म्हणाला, "इल्मा, गाई कोणी सोडल्या गं?"

"कुठल्या गाई?"

"आईच्या. सगळ्या रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्यात. पांढऱ्या पांढऱ्या."

इल्माला हसू आलं. "अरे, तुझ्या आईने गाई विकल्या त्याला जमाना झाला. काच खाली कर, वारा घे तोंडावर."

"घेतो." त्याचा आवाज फार लांबून आल्यासारखा होता, आणि त्यात एक विलक्षण सुख होतं. "पण किती शांत उभ्या आहेत बघ ना."

पुढे नुसती खरखर. इल्मा हाका मारत राहिली. आधी हसत, मग चिडून, मग नुसतं त्याचं नाव घेत. खिडकीबाहेर धुकं दुधासारखं पांढरं होत गेलं, सूर्य वर आला असावा. दूध घेऊन निघालेल्या एका गाडीवाल्याला लायलची गाडी बर्च झाडांच्या राईत शिरलेली सापडली. आत लायल जिवंत नव्हता. सीटचा पट्टा त्याने लावलेला नव्हता. तेव्हा कोणीच लावत नसे. पिस्तुलाचं म्यान पट्ट्यात अडकतं, अशी सगळ्यांची तक्रार.

मॅकग्रॉ म्हणून तेव्हा ठाण्याचे चीफ होते. इल्माने त्यांना गाईंचं सांगितलं. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले.

"हे बघ पोरी," ते म्हणाले, "हरीण आडवं आलं म्हटलं की माणूस कर्तव्यावर गेला. डोळा लागला म्हटलं की माणूस चुकला. त्याच्या बायकोच्या, आर्लीनच्या पदरात कुठला नवरा घालायचा ते तूच सांग."

म्हातारा वाईट नव्हता. इल्मा गप्प बसली. लायलला मानवंदना मिळाली, बंदुका झाडल्या गेल्या, पाद्र्यांनी हरणाचं नाव घेतलं. आणि त्यानंतर इल्माला एक सवय जडली. वायरलेसवर कोणी जरा जास्त हळू बोललं, की ती कामाचं सोडून भलतंच काहीतरी विचारायची. "सकाळी काय खाल्लंस?" "तुझ्या कुत्रीला पिल्लं किती झाली?" उत्तर सरळ आलं की तिच्या जिवात जीव यायचा. उत्तर वाकडं आलं की म्हणायची, "गाडी बाजूला घे आणि डोळे मीट थोडा वेळ. मी आहे जागी."

माणसं हसायची, पण गाडी बाजूला घ्यायची.

*

दोन-तीन वर्षांनी इल्माने स्वतःच पोलिसात जायचं ठरवलं. तिच्या आईला ते मुळीच पटलं नाही. "बसल्या जागी गरम कॉफी मिळतेय, ती सोडून बाहेर गारठायला निघालीय," म्हणून ती वेलदोड्याचा पाव मळताना आपटत राहिली. पण गावात पहिली बाई पोलीस झाली ती इल्माच.

ठाण्यात तिला सगळ्यात जास्त छळलं ते नॉर्ब लाशांसने. नॉर्ब म्हणजे दाराच्या चौकटीत तिरकं होऊन शिरणारा माणूस. बर्फात रुतलेली गाडी एकट्याने उचलायचा आणि दिवसभर कुणाची ना कुणाची टोपी उडवत फिरायचा. पहिल्याच दिवशी त्याने इल्माच्या कॉफीत मीठ घातलं. तिने ती कॉफी न बोलता शेवटपर्यंत प्यायली. नॉर्ब बघतच राहिला.

"कानामागून आली," तो म्हणाला, "आणि तिखट झाली."

"तिखट कुठे, खारट," इल्मा म्हणाली.

वीस वर्षं अशीच गेली. हिवाळ्यात बर्फाच्या भिंतींमधून, उन्हाळ्यात फर्नच्या वासातून ती गस्त घालत राहिली. गस्तीचं आयुष्य कधीकधी फार संथ असतं. तासन्‌तास काही घडत नाही, रस्ता नुसता खालून वाहत राहतो आणि मन कुठल्या कुठे जातं. मग एकदम काहीतरी घडतं, आणि ते जे घडतं ते घरी नेता येत नाही आणि टाकूनही देता येत नाही. इल्माने बघितलं होतं, तिच्याबरोबरची माणसं ते कुठे ठेवत होती. कोणी बाटलीत ठेवलं. कोणी दोन बायका सोडल्या. एकजण कुणाशी काही न बोलता नोकरी सोडून दक्षिणेला निघून गेला आणि परत गावाचं नाव काढलं नाही. जी टिकली, त्यांच्या तोंडाला कुलूप.

तिचा नवरा रेइनो बोटी बांधायचा आणि दुरुस्त करायचा. इल्मा घरी आली की तो तिच्याकडे एकदा बघायचा आणि अंगणातल्या सौनाची चूल पेटवायचा. सौना म्हणजे देवदाराच्या फळ्यांचं वाफघर, एवढंसं, दोन बाकांचं. तापलेल्या दगडांवर पाणी पडलं की वाफ उठायची. जुने फिनिश लोक त्या वाफेला लोयलू म्हणतात. इल्माची आजी सांगायची, की त्या शब्दाचा आधीचा अर्थ जीव, श्वास असा होता. त्या वाफेत, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी, इल्मा दिवसभराचं जे काय असेल ते बोलून टाकायची. रेइनो काही सुचवायचा नाही. मधूनच एक पळीभर पाणी दगडांवर टाकायचा. मग दोघं बाहेर येऊन थंडीत उभी राहायची, अंगातून धूर निघत असलेली, आणि तिला त्या रात्री झोप लागायची.

*

नगरपरिषदेने इल्माला चीफ केलं तेव्हा तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. पहिल्या बैठकीला तिने सगळ्या पोलिसांना बोलावलं आणि एका बाहेरच्या बाईलाही बोलावलं. ती आर्लीन गेरो, लायलची बायको. आर्लीन आता शाळेत स्वयंपाक करायची. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली.

"लायलला हरीण आडवं आलं नव्हतं," इल्मा म्हणाली. "त्याला झोप लागली होती. गाडी झाडांत शिरायच्या आधीच तो स्वप्नात होता. मी ऐकलंय." आणि तिने गाईंचं सगळं सांगितलं.

हे सांगून टाकायचा हक्क आपल्याला आहे का, असं इल्माला त्या क्षणी वाटून गेलं. आधी आर्लीनला तरी घरी जाऊन सांगायला हवं होतं. पण आर्लीनच बोलली.

"मला काय माहीत नव्हतं होय?" ती म्हणाली. "त्या आठवड्यात तो सूप पिता पिता वाडग्यात डोकं टेकवून झोपायचा. मीच तोंड पुसायची. हरीण म्हणे. मी म्हटलं, लोकांना हरीण हवंय तर असू दे हरीण." मग तिने विचारलं, "गाई शांत होत्या म्हणाला?"

"हो. फार शांत."

"बरं झालं," आर्लीन म्हणाली, आणि पर्समधून रुमाल काढून तिने चष्मा पुसला.

त्या दिवसापासून ॲल्डर बेच्या ठाण्यात पाळीला पाळी जोडणं बंद झालं. माणूस कमी पडला तर शेजारच्या गावाकडून माणूस मागवायचा, नाहीतर चीफने स्वतः गाडी घेऊन निघायचं. जुन्या सामानाची खोली रिकामी करून तिथे खाट टाकली, खिडकीला जाड पडदा लावला. रात्रपाळीनंतर कोर्टाच्या कामासाठी थांबावं लागलेल्याने आत जाऊन झोपायचं.

नॉर्बला तर कोलीतच मिळालं. "चीफबाई," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "अंगाई तुम्ही स्वतः म्हणणार, की त्याला वेगळी बाई ठेवणार?"

"तुझ्या घोरण्यावर कुठली अंगाई ऐकू जाणार आहे?"

गोळी अडवणारी जाकिटं आली तेव्हाही तेच. ती जड होती, खाजायची, उन्हाळ्यात आत घामाची आंघोळ. इल्मा स्वतः रोज घालायची, ऑफिसात बसतानाही. नॉर्बने आपलं जाकीट घरी नेऊन बटाट्याच्या वाफ्यातल्या बुजगावण्याला घातलं. इल्मा त्याच्या अंगणात गेली, बुजगावण्याला कडक सलाम ठोकला आणि म्हणाली, "ठाण्यातला एवढा एकच शहाणा माणूस." नॉर्बची बायको डोरिस खिडकीतून इतकी खो खो हसली, की दुसऱ्या दिवशी नॉर्ब गुपचूप जाकीट घालून आला. त्यावर मातीचे डाग होते.

सीटच्या पट्ट्यासाठी तिने सगळ्यांना ठाण्याच्या आवारात उभ्या गाडीत बसवलं आणि म्यान न अडकता पट्टा कसा सोडवायचा, ते डोळे मिटून करायला लावलं. पुन्हा पुन्हा. मोठी मोठी माणसं डोळे मिटून गाडीत बसलेली आणि बाहेर हलका बर्फ पडत असलेला. रस्त्याने जाणारे लोक थांबून बघायचे, प्रार्थना चाललीय की काय.

अंगाची काळजी घेणं एकवेळ जमलं. मनाचं काही जमेना. तिने मोठ्या शहरातून एक मानसतज्ज्ञ आणला. चांगला माणूस होता बिचारा. पोलीस एकेक करून त्याच्यासमोर बसायचे, हाताची घडी घालायचे आणि "सगळं छान आहे" म्हणून उठायचे. तो जाताना इल्माला म्हणाला, "चीफ, दगडाला पाझर फुटेल एकवेळ."

"दगड तापवल्याशिवाय कसा फुटेल?" इल्मा सहज म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्याने थबकली.

त्या वर्षी बंदरातलं जुनं बर्फघर पाडत होते. रेइनोने त्याच्या फळ्या मागून आणल्या आणि ठाण्यामागच्या सायकलींच्या शेडच्या जागी सौना उभा केला. गावातला जो तो हातभार लावून गेला. कोणी दगड आणले, कोणी चूल जोडून दिली. नियम इल्माने दोनच केले. पहिला, बिल्ला आणि पिस्तूल ठाण्यातल्या तिजोरीत ठेवायचं... पण बिल्ल्याच्या बाबतीत पोलीस ऐकेनात, तो अंगावरून लांब जाऊ द्यायला कोणी तयार होईना. मग रेइनोने दाराबाहेर लाकडी खुंट्या ठोकल्या. पिस्तूल तिजोरीत, बिल्ला खुंटीला. आत हुद्दा नाही. आणि दुसरा, आत बोललेलं वाफेबरोबर वर जाणार, बाहेर येणार नाही.

मंगळवारी पुरुष, गुरुवारी बाया, शनिवारी कुटुंबं. मंगळवारी संध्याकाळी इल्मा आपल्या खोलीत बसायची. खिडकीतून तिला फक्त धुराडं दिसायचं आणि आतून पुटपुटणं ऐकू यायचं, शब्द न कळणारं, लांबून येणाऱ्या लाटांसारखं. सुरुवातीला आत नुसते विनोद चालायचे. मग हसणं कमी झालं. एकदा कोणीतरी फार वेळ रडत होतं. कोण ते इल्माने कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी खोलीत येणाऱ्या प्रत्येकाचे डोळे जरा हलके वाटले, एवढंच.

खुंट्यांमधली एक मात्र कायम रिकामी राहायची. नॉर्ब यायचा नाही. "मी फ्रेंच आहे," तो म्हणायचा. "आमच्यात माणसांना नाही, माशांना वाफवतात."

*

नॉर्बच्या निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. मार्चमध्ये बर्फ वरून घट्ट दिसतो आणि खालून सरोवर त्याला खात असतं. शाळेतली एक मुलगी खाडी ओलांडताना बर्फातून खाली गेली. सगळ्यात आधी पोचला नॉर्ब. तो पोटावर सरपटत गेला, पाण्यात उतरला, पुन्हा पुन्हा उतरला. लोकांनी त्याला ओढून बाहेर काढलं तेव्हा त्याच्या मुठीत लाल लोकरी हातमोजा होता. मुलगी नंतर मिळाली. ती वाचली नाही.

इल्माने त्याला रजा दिली. रोज त्याच्या घरी चक्कर मारली. नॉर्ब दार उघडायचा, हवापाण्याचं बोलायचा. एकही विनोद करायचा नाही. इल्माला भीती वाटली ती विनोद नसण्याचीच.

एका दुपारी डोरिसचा फोन आला. आवाज अगदी सपाट.

"नॉर्ब बर्फावर गेलाय. त्याच्या झोपडीत. मासे मारायला."

"बरं."

"इल्मा, भाले आणि गळ घरीच आहेत."

इल्मा निघाली. सहकाऱ्यांना तिने किनाऱ्यावर थांबवलं, रुग्णवाहिका झाडांआड उभी करायला लावली आणि एकटी बर्फावर उतरली. हलका बर्फ पडत होता. वर पांढरं, खाली पांढरं, मध्ये कुठलीच रेघ नाही. चालतोय की जागच्या जागी तरंगतोय ते कळेना. किनारा मागे विरघळला. पुढे नॉर्बची झोपडी एका काळ्या ठिपक्यासारखी कधी दिसायची, कधी नाही. पायांखालून सरोवर मधूनच खोल आवाजात कण्हत होतं, झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखं.

तिने फळीच्या दारावर टकटक केली.

"कोण?"

"मी."

"चीफ, की इल्मा?"

"जिच्या कॉफीत तू मीठ घातलं होतंस, ती."

आतली कडी सरकली. मग, "ये. दार लगेच लाव, उजेड येतो."

आत काळोख होता. भाल्याने मासे मारायच्या झोपड्यांना खिडक्या नसतात. उजेड यायचा तो तळाच्या बर्फात कापलेल्या चौकोनी भोकातून, खालच्या पाण्यातून, हिरवा, हलणारा. त्या उजेडात नॉर्बचा चेहरा तळातून वर आल्यासारखा दिसत होता. तो एका बाकड्यावर बसला होता. त्याच्यासमोर पालथी बादली, आणि बादलीवर पिस्तूल.

इल्मा उभीच राहिली. तिने हात कोटाच्या खिशांत ठेवले.

"हात लागला होता, इल्मा," नॉर्ब म्हणाला. पाण्याकडे बघतच. "पक्का लागला होता. मी ओढलं, तर हातमोजा आला. पोर नाही आली. रोज डोळे मिटले की मी ओढतो. रोज तेच येतं."

तुझी काही चूक नव्हती, हे त्याला साऱ्या गावाने सांगून झालं होतं. इल्माने सरळ विचारलं, "नॉर्ब, जीव द्यायचा विचार करतोयस का?"

इतकं उघड कोणी विचारेल असं त्याला वाटलं नसावं. त्याने पहिल्यांदा मान वर केली.

"सकाळी करत होतो," तो म्हणाला. "आता नुसता बसलोय."

"बरं. मग मीही बसते. पण बसायला बादली एकच आहे, आणि तिच्यावर तू सामान ठेवलंयस."

नॉर्बच्या छातीतून एक आवाज निघाला, खोकला की हसू ते कळलं नाही. मग त्याने पिस्तूल उचललं, त्यातल्या गोळ्या काढल्या आणि दस्त्याची बाजू पुढे करून तिच्या हातात दिलं. इल्माने ते कोटाच्या आत ठेवलं आणि बादलीवर टेकली.

दोघं पाण्यात बघत बसली. किती वेळ, कोण जाणे. हिरवा उजेड हळूहळू श्वास घेत होता. आणि मग खालून एक स्टर्जन गेला. तो मासा माणसाएवढा लांब असतो आणि माणसाहून जास्त जगतो. अंगावर हाडांच्या ढाली, मिशा लोंबत्या, शेपटी अगदी सावकाश हलणारी. तो त्या चौकोनातून जातच राहिला, संपेचना. जणू कोणाचं तरी फार जुनं स्वप्न खालून चाललं होतं आणि त्याला वरच्यांची काही खबर नव्हती.

"बघितलास?" नॉर्ब कुजबुजला.

"बघितला."

"मला वाटलं मलाच दिसला."

"नाही. मीही बघितला."

ते ऐकून नॉर्ब रडायला लागला. एवढा मोठा माणूस, झोपडी हलत होती. इल्माने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो थांबेपर्यंत काढला नाही. मग ती म्हणाली, "किनाऱ्यावर गाडी उभी आहे. दवाखान्यात जायचं. मी बरोबर येतेय. डोरिसही येतेय."

"आणि ठाण्यात काय सांगणार? हरीण आडवं आलं?"

"ते तू ठरवायचं. मी काहीच सांगणार नाही."

तो उठला. दारात पुन्हा तिरका झाला. बाहेर बर्फ थांबला होता आणि मावळतीकडे एक गुलाबी फट पडली होती.

*

नॉर्ब काही आठवडे शहरातल्या दवाखान्यात होता. औषधं घेतली, डॉक्टरांशी बोलला, घरी येऊन बटाटे लावले. उन्हाळ्याच्या सुरुवातीच्या एका मंगळवारी तो ठाण्यामागे येऊन उभा राहिला, बिल्ला हातात घेऊन. रिकाम्या खुंटीकडे त्याने जरा संशयाने बघितलं.

"माझं वजन पेलेल ना आतला बाक?" त्याने रेइनोला विचारलं.

"तुझ्यासाठीच जाड फळी घातलीय. केव्हाची वाट बघतेय ती."

आत त्याने काय सांगितलं ते इल्माला पोलिसांकडून कधी कळलं नाही. त्यानेच सांगितलं, खूप नंतर. तो म्हणे बाकावर बसला आणि पहिलंच वाक्य बोलला, "मी बर्फावर मासे मारायला गेलो नव्हतो." पुढचं आपोआप आलं. तो थांबल्यावर एक नवा पोलीस, त्याच्या निम्म्या वयाचा, म्हणाला की मलाही महिनाभर झोप नाही. मग आणखी कोणी. त्या संध्याकाळी धुराड्यातून धूर नेहमीपेक्षा बराच वेळ निघत राहिला.

निवृत्त झाल्यावर नॉर्बने सौनाची चूल आपल्याकडे घेतली. दुपारपासून येऊन लाकडं फोडायचा आणि ज्याला त्याला टोमणे मारायचा. "काय रे, चेहरा का असा खिमा भरलेल्या शिळ्या पॅस्टीसारखा? मंगळवारी ये, गरम करून देतो."

बातमी इतर गावांत गेली. इल्माला लांबून बोलावणी यायला लागली. भाषण हे तिचं काम नव्हतं. एका मोठ्या शहरात तर तिला हॉटेलच्या भल्यामोठ्या दालनात उभं केलं, समोर शेकडो पोलीस. ती झोपेबद्दल बोलायला लागली आणि पहिल्याच रांगेतल्या एका धिप्पाड हवालदाराची मान पुढे झुकली. त्याचे चीफ त्याला कोपराने ढोसणार, तोच इल्मा म्हणाली, "असू दे, असू दे. त्याला माझं म्हणणं सगळ्यांत आधी पटलंय." दालनभर हशा पिकला. तो मात्र उठला नाही. उरलेलं सगळं ती हळू आवाजात बोलली, तो जागा होऊ नये म्हणून, आणि लोक पुढे वाकून ऐकत राहिले.

इल्मा चीफ होती तेवढ्या काळात ॲल्डर बेने एकही पोलीस गमावला नाही. ती स्वतः हे कधी बोलून दाखवायची नाही. बोललं की दृष्ट लागते, असं तिच्या आजीचं मत होतं.

तिच्या निवृत्तीनंतर काही वर्षांनी नवा महापौर आला. त्याच्या डोक्यात आलं, माणसं कमी आहेत, पूर्वीसारख्या दुहेरी पाळ्या चालू कराव्यात, निदान हिवाळ्यापुरत्या. नगरपरिषदेच्या सभेला इल्मा गेली, पण मागच्या रांगेत बसली. बोलायचं मनात होतं, मनाशी जुळवणीही करून ठेवली होती. तिच्यावर वेळच आली नाही. पोलीस साध्या कपड्यांत आले होते, बायका, नवरे, कुणाची आई, असे सगळे. एक तरुण पोलीस बाई उठली, जोलीन नावाची. इल्माच्या काळात ती ठाण्यात नव्हतीच.

"साहेब," ती महापौरांना म्हणाली, "आमच्याकडे तसं करत नाहीत."

"केव्हापासून?"

जोलीन गोंधळली. तिने बाजूच्यांकडे बघितलं. कोणालाच नीट सांगता येईना. "केव्हापासून म्हणजे," ती म्हणाली, "पहिल्यापासूनच."

मागच्या रांगेत इल्माने खाली बघितलं, कारण तिला हसू आवरेना. मतदान व्हायच्या आधीच ती उठून हळूच बाहेर आली. संध्याकाळ लांबलचक पसरली होती. उतारावर थिंबलबेरी पिकल्या होत्या, लाल, हात लावताच गळून हातात येणाऱ्या. तिच्याजवळ भांडं नव्हतं. तिने टोपी काढली आणि तीत वेचायला लागली, एक टोपीत, एक तोंडात. खाली धक्क्यावर रेइनो कोणाची तरी बोट रंगवत होता. तिला पाहून त्याने ब्रश हलवला. इल्मा सावकाश उतरत त्याच्याकडे निघाली.